मदत हवी आहे: एकच मॅच, चौघांच्या चार याद्या. चौदा वर्षांखालची पोरं पारखायची कशी?

शटर_अर्धं:

नमस्कार मंडळी. प्रश्न फुटबॉलचा आहे, पण कोण जिंकणार असला नाही.

आम्ही कोल्हापूरचे. इथल्या तालमींची नावं कुस्तीची आणि नाद फुटबॉलचा. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की माझ्या दुकानाचं शटर चार वाजता अर्ध्यावर येतं, आयडी तिथनंच घेतलाय. पंचवीस वर्षं स्टँडात बसून मी रेफरीपासून कोचपर्यंत सगळ्यांच्या चुका काढल्या. आता पहिल्यांदा माझ्या मतावर कुणाचं तरी काही ठरणार आहे आणि माझी बोलती बंद झालीय.

झालंय असं की आमच्या गल्लीतल्या मंडळानं यंदा वर्गणीतले उरलेले पैसे डीजेवर न घालवता तीन पोरांचा वर्षाचा खर्च उचलायचं ठरवलं. बूट, शिनगार्ड, एसटीचा प्रवास आणि खुराक. घरची ओढाताण असलेली, चौदा वर्षांखालची पोरं. आणि निवडायला आम्ही चौघं: मी, बँकेतला एक मित्र, रात्री जागून युरोपातल्या मॅचेस बघणारा माझा भाचा, आणि नाना. नानांचं वय सत्तरच्या पुढं, आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं, तरुणपणी हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळायचे.

गेल्या रविवारी पहिली मॅच बघितली. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ, पांढरे विरुद्ध निळे, 3-1. आम्ही मुद्दाम वेगवेगळे बसलो आणि प्रत्येकानं पाच नंबर लिहिले. संध्याकाळी चिठ्ठ्या उघडल्या तर चारही चिठ्ठ्यांत एकच नंबर सारखा. पांढऱ्यांचा 9. उंच, मिसरूड फुटलेलं, दोन मैदानी गोल. बाकी सगळा सावळा गोंधळ. भाच्यानं 'स्किल' म्हणून निळ्यांचा 11 लिहिला, तोच बँकवाल्यानं 'बॉल सोडत नाही' म्हणून काटला. मी पांढऱ्यांचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, 6 घेतला कारण त्याची किक लांब जाते. नानांनी निळ्यांचा 14 लिहिला. तो पोरगा इतका बारका की जर्सी गुडघ्यापर्यंत. मी विचारलं, नाना ह्यात काय बघितलंसा? तर म्हणाले, "बॉल यायच्या आधी मान वळतीया त्याची." एवढंच. आम्ही हसलो.

अजून दोन रविवार हातात आहेत. मॅच बघताना नेमकं काय बघायचं आणि वहीत काय लिहायचं? पोरांची नावं आणि व्हिडिओ इथं टाकणार नाही, मागू नये.

कूपरेजचा_कट्टा:

9 नंबर घ्या आणि मोकळे व्हा. गोल करणारा गोल करतो.

उजवा_हाफ:

शटरभाऊ, मी लहान गटांना शिकवतो, कोचिंगचं सुरुवातीचं डी लायसन्स आहे, फार मोठा माणूस नाही. तरी सांगतो, आधी नानांची माफी मागा.

मान वळणं ही चेष्टेची गोष्ट नाही. नॉर्वेचे गेइर यॉर्डेट नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी खेळाडूंच्या डोक्याच्या हालचाली व्हिडिओवरून मोजल्या. बॉल मिळायच्या आधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पुढचे पास जास्त नीट जातात, असं त्यांना आढळलं. स्पेनचा मधल्या फळीतला खेळाडू चावी एर्नांदेझ तर सारखा मान फिरवत असायचा. तुमच्या नानांनी हे लेथवर उभं राहून शोधलंय.

आता मूळ रोग. तुम्ही चौघंही बॉल बघत होता. नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये एकेका खेळाडूच्या पायाशी बॉल सगळा मिळून दोन-तीन मिनिटं असतो. तुमच्या साठ मिनिटांच्या मॅचमध्ये त्याहून कमी. म्हणजे ज्या पोराला पारखायचं, त्याचं सत्तावन्न-अठ्ठावन्न मिनिटांचं वागणं तुम्ही बघितलंच नाही. पुढच्या रविवारी असं करा: एकानं एकच पोरगा धरायचा, पंधरा मिनिटं. गोल झाला तरी नजर हलवायची नाही. फार जड जातं, सांगून ठेवतो.

वहीत 'चांगला', 'भारी' लिहू नका. काय केलं ते लिहा. "पास चुकला, लगेच मागं पळाला." "पास चुकला, कमरेवर हात." एवढ्यानं अर्धी पारख होते.

पीटीच्या_बाई:

तुमच्या 9 नंबरचा जन्ममहिना काय?

शटर_अर्धं:

बाई, ते विचारलंच नाही. मिशी बघून वयाची शंका आली होती, पण दाखला बरोबर आहे, शाळेतनं खात्री केली.

पीटीच्या_बाई:

मी दाखला खोटा आहे असं म्हणत नाही. खोटे दाखले ही वेगळी डोकेदुखी, त्यासाठी मनगटाच्या हाडांची तपासणी असते; फिफा 17 वर्षांखालच्या विश्वचषकात 2009 पासून मनगटाचा एमआरआय करते. मी खऱ्या दाखल्याबद्दल बोलतेय.

वयोगट साधारण 1 जानेवारीला कापतात. जानेवारीतला आणि डिसेंबरातला पोरगा एकाच गटात, आणि मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. तेराव्या-चौदाव्या वर्षी वर्ष म्हणजे खूप. त्यात वयात येण्याचा फरक मिळवा: कुणाची उंची बाराव्या वर्षीच झपाट्यानं वाढते, कुणाची पंधराव्याला. मैदानात शेजारी उभ्या असलेल्या दोन पोरांच्या शरीरात दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. म्हणून जगभर लहान गटांच्या निवडींत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त दिसतात. देवानं जानेवारीत जास्त टॅलेंट वाटलं असं काही नाही. इंग्लंडमधल्या काही अकादम्या म्हणूनच अधूनमधून वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून खेळवतात.

मी तीस वर्षं शाळेत हेच बघितलं. सातवीत सगळ्यांना ढकलून गोल करणारा पोरगा दहावीत बाकीचे त्याच्याएवढे झाले की हरवतो. त्याला कधी वळून पास देण्याची गरजच पडली नव्हती, तर शिकेल कशाला? उलट बारक्याला रोज डोकं चालवावं लागतं. फ्रान्सचा नावाजलेला फॉरवर्ड ग्रीझमन लहानखुरा म्हणून फ्रान्सच्या क्लबांनी नाकारला आणि स्पेनच्या रेआल सोसिएदादनं घेतला. इंग्लंडचा फॉरवर्ड जेमी वार्डी, त्यालाही सोळाव्या वर्षी बुटका म्हणून काढलं होतं.

म्हणून 9 ला काढा असं नाही. फक्त एवढं बघा, अंगानं त्याच्याच तोडीचा स्टॉपर समोर आला की तो काय करतो.

आणि 6 नंबरचा स्टॉपर अडखळत पळत होता का? अचानक उंच झालेल्या पोरांचं तसं होतं, पाय स्वतःचे वाटत नाहीत. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला हाड दुखतं म्हणाला तर "सहन कर" म्हणू नका, डॉक्टरला दाखवा. वाढीच्या वयातलं नेहमीचं दुखणं आहे, पण त्यावर खेळवत राहिलं की वाढतं.

कूपरेजचा_कट्टा:

म्हणजे आता उंच असणं गुन्हा झाला? 2017 चा 17 वर्षांखालचा विश्वचषक आठवा. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जिकसन सिंगनं कॉर्नरवर उडी मारून हेडर घातला, भारताचा फिफाच्या विश्वचषकातला पहिला गोल. उंची होती म्हणून झाला.

उजवा_हाफ:

बरोबर, आणि पुढचं मिनिट पण आठवा. 82 व्या मिनिटाला आपला गोल, सगळं स्टेडियम नाचत होतं, आणि 83 व्याला कोलंबियाचा. 2-1 हरलो. त्या पोरांना दोष देत नाही, त्यांची जिगर मोठी होती. पण पारखायला बसणाऱ्यानं हेच शिकायचं: गोल झाल्यावरची दोन मिनिटं बघा, केलेला असो की खाल्लेला. कोण अजून मिठ्या मारतंय, कोण बाकीच्यांना ओढून जागेवर नेतंय. पुढचा कॅप्टन तिथं सापडतो.

शटरभाऊ, त्याच टीमचा अनिकेत जाधव तुमच्याच गावचा. तुम्हाला आम्ही काय सांगावं.

मडगावकार:

आमच्याकडे भात कापून झालं की शेतातच खेळ सुरू होतो. जमीन ओबडधोबड, बॉल कुठं उसळेल नेम नाही. तिथं ज्याचा पहिला टच चांगला, तो कुठंही चांगला. तुमचं मैदान कसं आहे? खडबडीत असेल तर बॉल निसटला म्हणून मार्क कापू नका. निसटल्यावर दुसऱ्या पावलाला तो काय करतो ते बघा.

आणि मॅचच्या अर्धा तास आधी जा. कोण स्वतःहून भिंतीवर बॉल मारत बसलाय, कोण बाबांकडून बुटाची लेस बांधून घेतोय.

आई_एका_गोलीची:

वाचते आहे आणि थोडी चिडते आहे. बावीस पोरं, तुमचे वीस नंबर, आणि एवढ्या चर्चेत गोलीचा एक शब्द नाही! माझा मुलगा गोली आहे. तो चांगला खेळतो त्या दिवशी त्याच्याकडे काही काम येत नाही, कारण तो ओरडून ओरडून बॅकला, म्हणजे पुढच्या बचावपटूंना, जागेवर ठेवतो. तुम्ही डाइव्ह मोजाल. ज्याला सारख्या डाइव्ह माराव्या लागतात तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी उभा असतो.

दुसरं, निवड कशी सांगणार? माझ्या मुलाला एकदा एका ठिकाणी सगळ्यांसमोर यादी वाचून घरी पाठवलं होतं. महिनाभर ग्लोव्ह्ज हातात धरले नाहीत. तेरा वर्षांचं पोर आहे ते. पैसे तुमचे असतील, पण 'तू नापास' असं वाटेल असं काही करू नका.

शटर_अर्धं:

ताई, चुकलं. गोली खरंच कुणाच्या डोक्यात नव्हता. यादी वाचणार नाही, घरी जाऊन आईबापाशी बोलू. नाहीतर चौकात फ्लेक्स लावायचा विचार होता, तो आता रद्द.

आज दुसरी मॅच झाली, तेच दोन संघ. एकेक पोरगा पंधरा मिनिटं, असं करून बघितलं. सांगितल्याप्रमाणे लई जड. माझ्या पंधरा मिनिटांत एक गोल झाला आणि मला तो दिसलाच नाही, शेजारच्यानं पाठीत धपाटा मारला तेव्हा कळलं.

9 नंबर जानेवारीचा निघाला. निळ्यांनी आज त्याच्यावर अंगानं दांडगा पोरगा लावला होता. पहिला हाफ 9 नुसता धडकत राहिला. दुसऱ्या हाफमध्ये मात्र तो खाली उतरून बॉल घ्यायला लागला, आणि एकदा पाठ करून एका टचमध्ये विंगला दिला. मी वहीत लिहिलं: "शिकतोय."

भाच्याचा 11 आज सहा वेळा तिघांच्या मधे घुसला, पाच वेळा बॉल गेला. पण पाचही वेळा तोच मागं पळून आला, त्यातला दोनदा हिसकावून घेतला. बँकवाला गप्प.

आणि नानांचा 14. मान वळत होती, मोजली मी. पण अंगावर कोणी आलं की पडत होता, आणि दुसऱ्या हाफला कोचनं बाहेर काढला. बाकावर बसून जर्सीत तोंड खुपसून रडला. आता सांगा, ह्याचं काय करायचं? पडतो तो पडतोच की. तिघांतली एक जागा त्याला दिली तर दुसऱ्या कुणाची जाते.

पीटीच्या_बाई:

डिसेंबरचा आहे का?

शटर_अर्धं:

नोव्हेंबरचा.

पीटीच्या_बाई:

आईवडिलांची उंची विचारा. ढोबळ हिशोब असा: दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवायची, तेरा मिळवायचे, दोनानं भागायचं. मुलाची उंची साधारण त्याच्या आसपास जाते, आठ-नऊ सेंटिमीटर इकडंतिकडं. फार विसंबू नका, पण पोरगा अजून वाढायचाय की एवढाच राहणार याचा अंदाज येतो. एवढाच राहिला तरी बिघडत नाही म्हणा.

उजवा_हाफ:

पडतो म्हणजे कसा पडतो? बॉल दिल्यानंतर पडतो की आधी?

शटर_अर्धं:

वही बघून सांगतो. चार वेळा लिहिलंय. तीन वेळा पास देऊन झाल्यावर पडला. तिन्ही पास पोचले होते.

उजवा_हाफ:

मग तो पडत नाहीये. त्याला पाडतायत, आणि पोरगा पाडणाऱ्याच्या अर्धा सेकंद पुढं आहे. खुराक कुणासाठी काढलाय तुमच्या मंडळानं?

रविवारी साइडला बसू नका, एका हाफला गोलच्या मागं उभे राहा. तिथून कोण मोकळ्या जागेत पळतोय आणि कोणाला कोण दिसतंय हे समजतं. गोली पण जवळून दिसेल, ताईंचं समाधान होईल.

कूपरेजचा_कट्टा:

मी अजून 9 वरच आहे. पण 11 ची गोष्ट आवडली, ती नीट लिहून ठेवा.

शटर_अर्धं:

नानांना हा धागा वाचून दाखवला. नॉर्वेच्या प्राध्यापकाचं ऐकून म्हणाले, "त्याला म्हणावं, मॅच बघायला ये एकदा." माफी मागितली, चहा माझ्याकडनं झाला.

रविवारी गोलमागं उभारतो. 14, दोन्ही गोली आणि पांढऱ्यांचा 2 नंबर बघायचाय. हा 2 कुणाच्याच चिठ्ठीत नव्हता. परवा बाकीचे पाणी प्यायला गेले तेव्हा हा त्या रडणाऱ्या 14 पाशी जाऊन बसला होता, विरुद्ध टीमचा असून. ह्याला मार्क कशात द्यायचे ते कळेना, म्हणून वहीत नुसतं लिहून ठेवलंय.