अनुभव धागा: चेहरा नंतर, हात आधी (जुना साथीदार वाजवण्यावरून ओळखला, त्याचे किस्से)

पुणे, एकेकाळचा ऑक्टोपॅड (धागा मीच काढलाय)

१९८९ ते ९८ मी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवला. गणपतीच्या दहा दिवसांत चौदा-पंधरा सुपाऱ्या. संध्याकाळी चिंचवड, रात्री साडेअकराला पौड फाटा. तेव्हा मध्यरात्र उलटली तरी चालायचं. पुढे रात्री दहाचा नियम कडक झाला, कीबोर्डवाल्याच्या एका फ्लॉपीत आम्ही चौघं मावायला लागलो आणि मी नोकरीत रमलो.

गेल्या महिन्यात बालगंधर्वला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक एकही नाही, सगळं लाइव्ह, म्हणून मुद्दाम गेलो. बाल्कनीतून चेहरे काही दिसत नव्हते. तिसऱ्या गाण्यात अंतऱ्यावर जाताना कोंगोवाल्याने शेवटची थाप किंचित मागे ठेवली आणि मी खुर्चीत ताठ झालो. ही खोड एकाच माणसाची. याच थापेवरून मी त्याच्याशी नऊ वर्षं भांडलोय!

मध्यंतरात बटाटेवडा सोडून विंगेत घुसलो. (बालगंधर्वचा बटाटेवडा सोडला, यावरून काय ते समजा.) त्यानं वर पाहिलं. माझं टक्कल, पोट, इतकी वर्षं कुठं होतास, कशाचीच चौकशी नाही. "साइड रिदमवाला (खुळखुळा, खंजिरी अशी किरकोळ तालवाद्यं वाजवणारा) ट्रॅफिकमध्ये अडकलाय. घे," म्हणत हातात खुळखुळा दिला.

वाजवला की. पण दुसऱ्याच गाण्यात मधला वाद्यांचा पीस संपल्यावर सगळे थांबले आणि मी एकटाच खुळखुळतोय! बाल्कनीत बायको हसताना स्पष्ट दिसली.

तुम्हालाही असा कोणी सापडला असेल तर लिहा. वाद्य कुठलंही चालेल.

लालबाग, बेंजो

आमच्या पार्टीत तीन बेंजो होते. बुलबुलतरंगालाच पिकअप बसवून भोंग्यावर सोडलेलं हे वाद्य. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात पत्ती. गिरण्या गेल्या, पोरं विरार-बदलापूरला पांगली.

मागच्या वर्षी गणपती आगमनाच्या गर्दीत चिंचपोकळीच्या पुलाजवळ उभा होतो. लांबून बेंजो आला आणि एका बटणावरून दुसऱ्यावर घसरत जायची ती लकेर ऐकली. म्हटलं, हा आपलाच! तो दोरीच्या आत, मी बाहेर. मध्ये कच्छी ढोल, ताशे. हाक मारून उपयोग शून्य. त्यानं मला पाहिलं, हनुवटी उडवली आणि चालू गाणं सोडून आमच्या पार्टीची सुरुवातीची धून लावली. ढोलवाली पोरं बावचळली, त्यांना ती ठाऊकच नव्हती. चार ओळी वाजवून पठ्ठ्या पुढे गेला.

रात्री बाराला फोन. नंबर चाळीतून काढला असणार. "उद्या ये. पत्ती आहे का, की आणू?"

ठाणे, बेस गिटार

आमचं देऊळ म्हणजे मुंबईत धोबी तलावचं रंगभवन, उघडं नाट्यगृह. इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव तिथे १९८६ साली सुरू झाला तेव्हा मी अकरावीत होतो. नंतर ती जागा शांतता क्षेत्रात गेली आणि कार्यक्रम दुसरीकडे हलले. २०२२ मध्ये माझगावला तो पुन्हा भरला. कॉलेजच्या बँडमधले आम्ही चौघं, न ठरवता, एकाच दिवशी तिथे! ड्रमर कानात बोळे घालून, लीडवाला मुलाला खांद्यावर घेऊन (मुलगा बारा वर्षांचा, म्हणून पाच मिनिटंच). पहिल्या गाण्याला आम्ही पुढे होतो, तिसऱ्याला टेकायला भिंत शोधत होतो.

मडगाव, हार्मोनियम

आमच्याकडे तियात्राला (कोकणी संगीत नाटकाला) आजही रंगमंचाखाली बँड बसतो. ट्रम्पेट, सॅक्स, ड्रम, सगळं लाइव्ह. शेजारच्या वाड्यावरचा माझा मित्र फिर्गजेच्या (चर्चच्या) शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी वाचून गायला-वाजवायला शिकला आणि पुढे जहाजावर वाजवायला गेला. मी भजनातला. तो कागदावरचं वाजवायचा, मी कानातलं. दोघंही एकमेकांना अडाणी म्हणायचो.

रवींद्र भवनात तियात्रातल्या कांतारांच्या (गाण्यांच्या) मध्ये एक ट्रम्पेट असा वाजला की मी शेजाऱ्याला विचारलं, हा बोटीवरून आला कधी? शेजारी म्हणाला, कोण? खेळ सुटल्यावर गेलो तर तोच. दात गेलेत, ओठ बसत नाही म्हणत होता. मला काही तसं जाणवलं नाही. रविवारी आमच्या देवळात आला, भजनाला. कागद नाही म्हणून कुरकुरत बसला आणि मग वाजवलंच.

नाशिक, अ‍ॅकॉर्डियन

माझं जरा उलटं झालं. लिहू की नको, असं करत होतो.

एका लग्नात ‘लाइव्ह बँड’ असल्याचं कळलं, म्हणून रांगेतून ताट तसंच घेऊन मंचाकडे गेलो. एक गायिका, एक लॅपटॉप. लॅपटॉपमागे आमचा ढोलकीवाला. त्याच्या एका तोड्यावर पाचशे माणसं उठायची. बटण दाबून तो हात मांडीवर ठेवून बसला होता. आमची नजरानजर झाली. त्यानं उगाच एक वायर तपासली, मीही गुलाबजामच्या काउंटरकडे वळलो. निघताना मात्र पाहिलं, गाणं चालू होतं आणि टेबलाखाली, कुणाला दिसणार नाही असा, त्याचा हात मांडीवर ठेका धरत होता. ट्रॅकवर होता त्यापेक्षा चांगला.

परत जाऊन बोलायला हवं होतं. नाही गेलो.

पुणे, ऑक्टोपॅड

नाशिककर, नंबर मिळवा त्याचा. कोंगोवाला पुढच्या कार्यक्रमासाठी ढोलकी शोधतोय. खुळखुळ्याची जागाही रिकामी झालीय, मला काढलं.