समकालिक बहुसूत्रण : हा शब्द वर्गात चालेल का?

नांदेडची : डिप्लोमाच्या मुलांसाठी प्रोसेसरच्या टिपा मराठीत करायलेय. सायमल्टेनियस मल्टिथ्रेडिंगला (प्रोसेसरच्या एकाच कोरवर, म्हणजे गणन-भागावर, अनेक थ्रेड म्हणजे आज्ञांच्या मालिका एकत्र चालवणं) ‘समकालिक बहुसूत्रण’ लिहिलं, तर एका पोरानं विचारलं, ‘मॅडम, यातली सूत्रं पाठ करायची का?’ पुढचं वाक्यही अडलंय : दोन थ्रेडच्या आज्ञा एकच डीकोडर (आज्ञेचा अर्थ लावणारं सर्किट) आळीपाळीनं डीकोड करतो. डीकोडला काय लिहू?

गोदाकाठ : विसंकेतन. परिभाषेला शिस्त हवी. आणि सूत्र म्हणजे मुळात दोराच; मंगळसूत्र आठवा.

लातूरकर मास्तर : वर्गात सूत्र म्हणजे फॉर्म्युलाच ओ. अन् समकालिक कशाला? त्यानं नरसीचे नामदेव अन् आपेगावचे ज्ञानेश्वर आठवतात. ‘एकाच वेळी’ म्हणा की.

चिपवाला : पण नेमकं काय एकाच वेळी? १९९५ साली टलसन, एगर्स आणि लेव्ही यांनी हे मांडलं, ते आज्ञा चालवणाऱ्या युनिटांबद्दल : एकाच क्लॉक सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात) अनेक थ्रेडचं काम तिथं जातं. डीकोडरला ते लागू असेलच असं नाही. इंटेलच्या २००२च्या हायपर-थ्रेडिंगमध्ये (याच तंत्राचं इंटेलचं नाव) डीकोडर सामायिक होता. काही आज्ञा याच्या, मग काही त्याच्या. एक्स-८६ची (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांची आज्ञाभाषा) आज्ञा १ ते १५ बाइटची, पुढची कुठं सुरू होते हेच आधी शोधावं लागतं. एवढं खर्चिक सर्किट दोनदा कोण बसवणार? रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा) तेवढी दोघांची वेगळी धरली, बाकी बरंच वाटून घेतलं, म्हणून चिपचा आकार ५ टक्क्यांहूनही कमी वाढला. एएमडीच्या झेन ५ प्रोसेसरमध्ये (२०२४) मात्र डीकोडरचे दोन गट आहेत, थ्रेडमागे एक. म्हणजे मॅडमचं ‘आळीपाळीनं’ सगळीकडं खरं नाही.

लातूरकर मास्तर : तिफणच की ही! चाडं एक, नळ्या तीन.

परभणीकर : उलटं झालं मास्तर. चाड्यातून बी तीन नळ्यांत जातं. इथं दोन थ्रेडनी एकाच चाड्यावर मूठ धरलीय.

गोदाकाठ : तिफण म्हणजे त्रि अधिक फणा, नागाचा.

परभणीकर : नाग कुठून आणला? फण म्हणजे दात. डोक्याची फणी तीच.

नांदेडची : अहो, डीकोडला ‘उकल’ चालेल का?

गोदाकाठ : उकल कोड्याची होते. फणाचं मात्र मी सोडणार नाही.

लातूरकर मास्तर : थ्रेड दोनच असतील तर दुफण म्हणा.

चिपवाला : आयबीएमच्या पॉवर८ प्रोसेसरमध्ये एका कोरवर ८ थ्रेड चालतात. त्याला काय म्हणणार?

परभणीकर : ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र.