मदत हवी आहे: माझी चूक वॉर्डातल्या मुलींना कशी सांगू?

मी मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, 14 वर्षं नोकरी. परवा रात्री एका मिलीत 100 युनिट असलेलं इन्सुलिन लाल टोपणाच्या, म्हणजे मिलीला 40 युनिटवाल्या इन्सुलिनसाठीच्या सिरिंजमध्ये भरलं. अडीचपट डोस गेला असता. नवीन लागलेली मुलगी हळूच म्हणाली, "सिस्टर, टोपण बघा ना." हातच थरथरला माझा. पेशंट सुखरूप आहे, मेट्रनना लगेच कळवलं.

हे ड्यूटी बदलताना सगळ्यांसमोर सांगायचं मनात आहे. मुली ओरडा बसेल म्हणून चुका लपवतात, आणि तो ओरडा बऱ्याचदा माझाच असतो. पण सोबतच्या सिस्टर म्हणतात, "उद्या तुझं कोण ऐकेल?"

तुमच्यापैकी कुणी असं सांगितलंय का? सुरुवात कशी केलीत? त्या मुलीचं नाव घ्यावं का, की ती अवघडेल?