प्रति: लहान मुले लवकर विसरतात
लहान मुले महिन्याभरात सारे विसरतात, हे वरचे मत मला पटत नाही. ती बोलत नाहीत, एवढेच. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा औसा तालुक्यातल्या आमच्या गावी धाकटी बहीण पाच वर्षांची होती. पुढे कित्येक महिने लहान धक्के येतच राहिले. भीती वाटते का, असे विचारले तर ती नाही म्हणे. पण पत्र्याच्या शेडमध्येही आईचा पदर मुठीत धरून झोपे आणि पहाटे चारच्या सुमारास जागी होऊन तांब्यातले पाणी हलते आहे का, ते पाही.

‘आता काही होणार नाही’ या आमच्या आश्वासनाचा उपयोग झाला नाही (ते खोटेच ठरत होते). हादरा बसल्यास कोणाचा हात धरून कुठे जायचे, हे आजोबांनी तिला ठरवून दिले, तेव्हा कुठे ती थोडी सावरली.