डॅशंडच्या पाठदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर: कुणी करून घेतलंय का? (सातारा, बजेट ८,०००)

चिंगीची_आई:
नमस्कार मंडळी. आमची चिंगी डॅशंड जातीची कुत्री आहे, वय ६, वजन ९ किलो. गेल्या मंगळवारी दिवाणावरून उडी मारली आणि केकाटली. दुसऱ्या दिवसापासून चालताना मागचा भाग झोकांड्या खातोय. पंजा उलटा पडला तर सरळ करायला दोन-तीन सेकंद लागतात. शी-शू मात्र स्वतः करते, शेपूटही हलवते. डॉक्टर म्हणाले मणक्यातली गादी सरकली असणार. मेलॉक्सिकॅम आणि गॅबापेंटिन ही दुखण्याची औषधं चालू आहेत, सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगितलंय. नणंद म्हणते मुंबईत कुत्र्यांना अ‍ॅक्युपंक्चर करणारे, म्हणजे सुया टोचून उपचार करणारे, डॉक्टर आहेत. औषधं धरून माझ्याकडे ८,००० आहेत, त्यावर एक रुपया नाही. गुण येतो का? पिंजऱ्यात ती रात्रभर रडते हो, ऐकवत नाही.

ब्रूनोचा_बाबा:
ताई, डोळे झाकून करा. आमचा लॅब्रेडॉर, वय ११, खुब्याचा त्रास. सकाळी उठताना मागचे पाय फरशीवर फाकायचे. ठाण्यात आठ बैठका केल्या. पहिल्या तिनांत काही नाही, चौथीनंतर स्वतःहून गच्चीवर आला. केसाएवढ्या बारीक सुया. वीस मिनिटं तो सतरंजीवर पडून वाटीतलं दही चाटत होता, शेवटी तर घोरायला लागला. डॉक्टर मोजून अकरा सुया घालायचे आणि मोजून अकरा काढायचे, एखादी सतरंजीत राहिली तर कुत्रा गिळेल म्हणून. कमरेच्या दोन सुयांना चिमटे लावून हलका करंटही द्यायचे. सगळे मिळून १४ हजार गेले, पण एका रुपयाचंही वाईट वाटलं नाही.

हडसनकाठ:
इथे न्यू जर्सीत हे सर्रास चालतं. पशुवैद्यांना हे शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७४ पासून आहे. आमच्या बीगलला सुया, लेझर, शिवाय पाण्यातली ट्रेडमिल, तिन्ही केलं. तुम्ही मागच्या पायांची चाकाची गाडीसुद्धा आत्ताच मागवून ठेवा, मापाची बनवून मिळते.

भिलवडीकर:
८ हजारांत गाडी कुठून येणार? त्यांनी बजेट लिहिलंय ते वाचा की. आमच्याकडे बैल लंगडला की म्हातारी माणसं तापल्या सळईनं डाग द्यायची. माझ्या वडलांनी आमच्या सर्जाला खांद्यावर दिला होता. जखम चिघळली, माश्या बसल्या, बैल महिनाभर जू घेईना. तेव्हापासून जनावराला टोचायचं-भाजायचं म्हटलं की माझा जीव घाबरा होतो.

ब्रूनोचा_बाबा:
दादा, डाग आणि सुई यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुईनं सहसा रक्ताचा थेंबही येत नाही.

वेदवाणी:
मुळात ही विद्या आपलीच. शालिहोत्रानं घोड्यांवर आणि पालकाप्यानं हत्तींवर लिहून ठेवलंय. चिन्यांनी ती उचलली.

स्पष्टवक्ता:
घोडे-हत्तींचे ग्रंथ आपले आहेतच, त्याचा मलाही अभिमान आहे. पण सुयांची ही पद्धत आणि हे बिंदू चिनी परंपरेतलेच आहेत.
आता मुद्द्याचं. प्राण्यांच्या अ‍ॅक्युपंक्चरवरच्या प्रयोगांचा २००६ साली एक मोठा आढावा निघाला. निष्कर्ष असा, की करा किंवा करू नका, दोन्ही ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. त्यानंतर गादीच्या आजारात औषधांबरोबर करंटच्या सुया दिल्यावर कुत्री लवकर चालू लागली असे काही अभ्यास आले, पण छोटे. आणि चालत्या कुत्र्यांतली बरीचशी नुसत्या विश्रांतीनंच सुधारतात. मग श्रेय सुईला जातं.

बोक्याची_आई:
आमच्या बोक्यानं दुसऱ्याच सुईला डॉक्टरांचा हात फोडला. फी गेली ती गेलीच. मांजरवाल्यांनी विचार करूनच जा.

दवबिंदू:
एवढं कशाला? माणसांचं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन पाव गोळी द्या. माझ्या कमरेला लगेच उतार पडतो.

परळचा_जुना_विद्यार्थी:
कृपा करून देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. आणि डायक्लोफेनॅकनं या देशातली गिधाडं जवळजवळ संपवली. औषध दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि ती मूत्रपिंड निकामी होऊन पटापट मेली. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे.
ताई, तुमच्या डॉक्टरांनी योग्य सांगितलंय. गादीचं बाहेरचं कडं फाटलेलं असतं, ते भरून यायला आठवडे लागतात. औषधानं आठ-दहा दिवसांत दुखणं थांबतं, कुत्रं उड्या मारतं आणि उरलेली गादी मज्जारज्जूवर येते. पशुवैद्य म्हणून माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त डॅशंड याच टप्प्यावर बिघडलेले पाहिले. पिंजरा वळता येईल, पाय ताणता येतील एवढाच हवा. शूला उचलून न्या, पोटाखाली टॉवेलची झोळी धरा. मेलॉक्सिकॅम खाण्यावरच द्या. शी काळी झाली तर बंद करून फोन करा. त्याच्या जोडीला स्टेरॉइड कुणीही सुचवलं तरी नको. गॅबापेंटिनचं माणसांचं सिरप घेऊ नका, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं, ते कुत्र्याला विष आहे.
सुया हा जोड-उपचार आहे, वेदनेला बरा. पण पाय पूर्ण लुळे पडले, लघवी तुंबली किंवा बोट जोरात चिमटूनही तिला कळेना, तर सुयांची वाट न बघता त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे जा. तिथे तास मोजायचे असतात.

हडसनकाठ:
+१. पण गाडीचं मनावर घ्याच.

वेदवाणी:
महानारायण तेलानं मालीश करा.

परळचा_जुना_विद्यार्थी:
पाठीवर दाब नको. मालीश आत्ता अजिबात नको.

ब्रूनोचा_बाबा:
ताई, मुंबईची अपॉइंटमेंट मी मिळवून देतो. माझी ओळख आहे. रविवारी या.

चिंगीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रूनोचे बाबा, तुमच्या दह्याच्या वाटीनं मला फार धीर आला, पण आम्ही येत नाही. सातारा ते मुंबई अडीचशे किलोमीटर, त्यात खंबाटकी घाट, प्रत्येक आठवड्याला. ज्या पाठीला हलू द्यायचं नाही ती गाडीत पाच तास हिंदकळवायची हे मला पटेना. चाकाची गाडीही नको, ती चालते आहे.
धाकट्याचा जुना लाकडी पाळणा सुताराकडून ६०० रुपयांत कापून घेतला, आत गोधडी घातली. दिवाण भिंतीला उभा केला आणि मी तिच्या शेजारी जमिनीवर झोपते. दोन रात्री माझी बोटं गजांतून आत होती, त्यावर नाक टेकून झोपली. रडली नाही. आज पंजा उलटा ठेवून पाहिला, एका सेकंदात सरळ केला. डॉक्टर दर सोमवारी घरी येऊन पाय तपासणार आहेत. लघवीची वेळ वहीत लिहिते आहे.

भिलवडीकर:
छान केलंत. गोधडी रोज उन्हात टाका, गोचिडी होत नाहीत.

स्पष्टवक्ता:
गोचीड नुसत्या उन्हानं मरेलच असं नाही, त्याला वेगळं औषध लागतं.

भिलवडीकर:
आमच्या गोठ्यात मरतात. येऊन बघा.