एक्सजेएस व्ही१२: उजवी बँक (सहा सिलिंडरची रांग) जास्त तापते, मदत हवी आहे

जग्वार एक्सजेएस, १९८५, ५.३ लिटर एचई (हाय एफिशियन्सी) व्ही१२ इंजिन. हायवेवर तापमानाचा काटा मध्यावर. सिग्नलला थांबलं की उजवं थर्मोस्टॅट हाउसिंग डाव्यापेक्षा १२ अंश गरम (इन्फ्रारेड गनने मोजलंय).

दोन्ही थर्मोस्टॅट नवे, ८२ अंशांचे, जिगल पिन (हवा निघून जायची छोटी पिन) वरच्या बाजूला. फॅन क्लच ठीक. गाडीचं नाक उंच करून, हीटर पूर्ण चालू ठेवून हवा काढली.

डिस्ट्रिब्युटरमधलं ग्रीस वाळून आतली वजनं अडकतात, ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडणं) मिळत नाही आणि इंजिन तापतं, हे माहीत आहे. पण मग दोन्ही बँका सारख्याच तापायला हव्यात ना? माझा संशय रेडिएटरच्या खालच्या नळ्यांतल्या गाळावर आहे.

रॉडिंग (नळ्यांत सळई घालून गाळ काढणं) करावं की थेट नवा कोअर (रेडिएटरचा नळ्यांचा गाभा)? ॲल्युमिनियम हेडमधली व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकते ती कडी) सुटायच्या आत हे निस्तरायचंय. हे काम केलेल्यांनी कृपया सांगा.