डेबियन १२: ब्लूटूथ अडॅप्टर दिसतो, पण हेडफोन काही जोडला जात नाही

कातळशिल्प

मंडळी, २०१४ च्या आसपासचा लॅपटॉप आहे. विंडोज १० आणि डेबियन १२ लिनक्स (एक्सएफसीई डेस्कटॉप, कर्नल ६.१) असं दुहेरी बूट केलंय. वायफायसाठी ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस हे ड्रायव्हरचं पॅकेज टाकलंय आणि ते नीट चालतं. ब्लूटूथचं चिन्ह वर दिसतं, चालू-बंदही होतं. पण शोध घेतला की कधी एखादं उपकरण सापडतं, कधी काहीच नाही. सापडलंच तर पेअरिंग अर्ध्यात तुटतं.

एलएसयूएसबीत (यूएसबी उपकरणांची यादी) ०ए५सी:२१६डी असा क्रमांक येतो. डीमेसेजमधल्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींतल्या, कामाच्या ओळी (इथे सगळं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय):

ब्लूटूथ: एचसीआय०: बीसीएम४३१४२ए० (००१.००१.०११) बिल्ड ००००
ब्लूटूथ: एचसीआय०: बीसीएम: फर्मवेअर पॅच फाइल नॉट फाउंड, ट्राइड:
ब्लूटूथ: एचसीआय०: बीसीएम: 'बीआरसीएम/बीसीएम४३१४२ए०-०ए५सी-२१६डी.एचसीडी'
ब्लूटूथ: एचसीआय०: बीसीएम: 'बीआरसीएम/बीसीएम-०ए५सी-२१६डी.एचसीडी'

गंमत अशी की विंडोजमधून रीस्टार्ट करून डेबियनमध्ये आलं तर सगळं व्यवस्थित चालतं. लॅपटॉप बंद करून सुरू केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आरएफकिल लिस्टमध्ये (बिनतारी उपकरण अडवलंय का ते दाखवणारी आज्ञा) सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही ब्लॉक 'नो' आहेत. हार्डवेअर गेलंय का?

---

पाटीपेन्सिल

बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा आणि फर्मवेअर-बीआरसीएम८०२११ हे पॅकेज टाका. ब्रॉडकॉम म्हटलं की हेच लागतं.

---

उंबरठा

हार्डवेअर ठणठणीत आहे. विंडोजमधून रीस्टार्ट केल्यावर चालतं, यातच निदान आलं.

या चिपच्या रॉममध्ये मूळ फर्मवेअर (चिप चालवणारा आतला प्रोग्राम) असतं, पण ते अर्धंकच्चं. त्यावरच्या दुरुस्त्या प्रत्येक वेळी ड्रायव्हरने चिपच्या रॅममध्ये भरायच्या असतात. रॅम म्हणजे वीज गेली की पाटी कोरी. विंडोजचा ड्रायव्हर तो पॅच भरतो. रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटत नाही, म्हणून डेबियनला पॅच भरलेली चिप आयती मिळते. पूर्ण बंद केलं की पॅच गेला. पडताळायचं असेल तर विंडोजमधून रीस्टार्ट करून आल्यावर डीमेसेजची पहिली ओळ बघा, 'बिल्ड ००००' च्या जागी दुसरा आकडा दिसायला हवा. चार शून्यं म्हणजे नुसता रॉम, बिनपॅचचा. जुन्या कर्नलवर हीच तक्रार 'फेल्ड विथ एरर -२' अशी येते. ऋण दोन म्हणजे फाइल जागेवर नाही, एवढाच अर्थ.

पाटीपेन्सिल यांच्या दोन्ही उपायांनी इथे काम होणार नाही. सिक्युअर बूटमध्ये तपासली जाते ती कर्नल मॉड्यूलची सही. वायफायचं डब्ल्यूएल मॉड्यूल डीकेएमएसने, म्हणजे तुमच्याच मशीनवर बनतं, त्याला तो अडसर येऊ शकतो. फर्मवेअरची फाइल वाचायला सिक्युअर बूट आड येत नाही. आणि त्या पॅकेजात ब्रॉडकॉमच्या वायफाय फाइली भरपूर आहेत, पण ४३१४२ चा ब्लूटूथ पॅच नाही. लिनक्स-फर्मवेअरच्या मूळ संग्रहातच तो नाही, कारण वाटपाचा परवाना मिळालेला नाही. तिथे एचसीडी (ब्लूटूथ पॅचच्या फाइलीचा प्रकार) या प्रकारातली बीसीएम-०बीबी४-०३०६ ही फाइल दिसेल, ती एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटसाठी आहे. तिचं नाव बदलून चिकटवू नका.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. कार्ड एकच असलं तरी वायफाय पीसीआय एक्सप्रेसवर असतं आणि ब्लूटूथ आतल्या आत यूएसबीवर. म्हणून एलएसपीसीआयमध्ये ब्लूटूथ शोधत बसू नये, आणि वायफायचा ड्रायव्हर कितीदाही बदलला तरी ब्लूटूथला त्याचा पत्ताही लागत नाही.

---

गाठोडं

उंबरठा यांनी कारण सांगितलंच आहे, मी कृती देतो. (आज्ञा टाइप करताना रोमन अक्षरांत. फाइलींची नावं सोडून सगळी लहान अक्षरं.)

तुमच्याकडे विंडोज आहे, म्हणजे फाइल तुमच्याच डिस्कवर आहे. विंडोजच्या सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स या फोल्डरात बीसीएम४३१४२ए० ने सुरू होणारी आणि शेवटी डॉट हेक्स असलेली फाइल शोधा. विंडोजचं विभाजन डेबियनमधून केवळ वाचण्यापुरतं माउंट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते विभाजन अर्धवट झोपलेलं असतं आणि त्यावर लिहायला गेलात तर डेटा जाईल. खरं तर दुहेरी बूट असेल तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंदच ठेवा.

तिथे एकच हेक्स असेल तर प्रश्न मिटला. विंडोज काढून टाकलेलं असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून ब्लूटूथ ड्रायव्हरचा ईएक्सई उतरवा आणि ७झेड एक्स वापरून उलगडा (पॅकेज पी७झिप-फुल). आत डझनावारी हेक्स फाइली निघतात, अंदाजाने कुठलीही उचलू नका. सोबत बीसीबीटीयूएमएस नावाची आयएनएफ फाइल असते, ती उघडून पीआयडी_२१६डी शोधा. त्या ओळीत रॅमयूएसबी२१६डी असं विभागाचं नाव मिळेल. मग त्याच नावाचा कॉपीलिस्ट विभाग शोधा. त्यात दोन डॉट एसवायएस फाइली आणि खाली एक डॉट हेक्स असते. तीच तुमची. ग्रेपला (मजकूर शोधणारी आज्ञा) काहीच सापडलं नाही तर आयएनएफ यूटीएफ-१६ मध्ये असेल. आयकॉन्व्हने यूटीएफ-८ करून घ्या किंवा सरळ एडिटरमध्ये उघडा.

आता रूपांतर. हेक्स ही साध्या मजकुराची फाइल आहे, प्रत्येक ओळ विसर्गचिन्हासारख्या कोलनने सुरू होते. कर्नलला हवी ती एचसीडी, म्हणजे चिपला एकामागून एक द्यायच्या आज्ञांची बायनरी फाइल. त्यासाठीचं हेक्स२एचसीडी हे साधन डेबियनच्या ब्लूझेड (लिनक्सची ब्लूटूथ प्रणाली) पॅकेजातच येतं:

हेक्स२एचसीडी -ओ बीसीएम४३१४२ए०-०ए५सी-२१६डी.एचसीडी मूळफाइल.हेक्स

नावात बीसीएम आणि त्याला जोडलेला ए मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत, यूएसबी क्रमांकातली अक्षरं मात्र लहान. डीमेसेजने जे नाव मागितलंय ते तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका. एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी कर्नलच्या दृष्टीने फाइल नाहीच.

जागेवर ठेवण्याआधी फाइल पारखून घ्या. एक्सएक्सडीने (फाइलचे बाइट दाखवणारी आज्ञा) पहिल्या ओळी पाहा. पहिले दोन बाइट ४सी एफसी हवेत, ही 'रॅममध्ये लिही' अशी आज्ञा आहे. त्यानंतर लांबी, पत्ता, आणि बहुतेक फाइलींत उजवीकडच्या रकान्यात बीआरसीएमसीएफजीएस ही अक्षरं वाचता येतात. फाइलच्या शेवटी ४ई एफसी ०४ आणि पुढे चार वेळा एफएफ, म्हणजे 'आता रॅममधून चालू हो'. एवढं जुळलं की फाइल धडधाकट.

गिटहबवर तयार एचसीडींचे संग्रह आहेत, तेही चालतात. पण तिथून 'सेव्ह लिंक अॅज' केलं की पुष्कळदा फाइलऐवजी तिचं वेबपानच उतरतं. 'फाइल' ही आज्ञा चालवून बघा, एचटीएमएल डॉक्युमेंट असं उत्तर आलं तर समजून जा.

सुडो इन्स्टॉल -एम ६४४ फाइलचंनाव /लिब/फर्मवेअर/बीआरसीएम/

मग मॉडप्रोब -आर बीटीयूएसबी आणि पुन्हा मॉडप्रोब बीटीयूएसबी. हे दोन्ही सुडोने; यात ब्लूटूथचा ड्रायव्हर काढून पुन्हा भरला जातो. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. मी मात्र लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू करा असंच सांगेन, म्हणजे विंडोजने ठेवलेला पॅच आणि तुमचा पॅच यांची गल्लत होत नाही.

बिघडलं तर काय दिसेल? 'पॅच इज करप्टेड' आलं तर बहुधा रूपांतर न करता हेक्सच नाव बदलून ठेवलीय. 'पॅच कमांड फेल्ड' आणि ऋण ११० आलं तर चिपने वेळेत उत्तर दिलं नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग सुरू करा. तरीही ११० येत राहिलं तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये बीटीयूएसबी.कॉन्फ नावाची फाइल करून त्यात 'ऑप्शन्स बीटीयूएसबी इनेबल_ऑटोसस्पेंड=एन' ही एक ओळ टाका. चिपला मधेच झोपवणं थांबतं.

चुकीची फाइल भरली तर कार्ड कायमचं बाद होईल ही भीती नको. सगळं रॅममध्ये आहे. फाइल काढा, वीज तोडा, चिप पुन्हा रॉमवर येते.

---

कातळशिल्प

गाठोडं, उंबरठा, मनापासून आभार. ड्रायव्हर्स फोल्डरात एकच हेक्स होती. पहिले बाइट ४सी एफसी, शेवट तुम्ही सांगितला तसाच. बंद करून सुरू केल्यावर बिल्डपुढची चार शून्यं गेली, शोधात सगळी उपकरणं दिसतात, माउस लगेच जोडला गेला.

हेडफोन पेअर होतो, पण कनेक्ट म्हटलं की ब्लूटूथसीटीएल 'बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल' म्हणतं. फर्मवेअर अजून अपुरं आहे का?

---

उंबरठा

नाही, फर्मवेअरचं काम संपलं. हेडफोन म्हणतोय मला आवाज पाठवा, आणि तुमच्या बाजूला तो पाठवणारं कोणी ब्लूझेडकडे नोंदलेलंच नाही. माउसला आवाजाचं प्रोफाइल लागत नाही, म्हणून तो चालला.

डेबियन १२ च्या एक्सएफसीईत आवाजाचं काम पल्सऑडिओकडे असतं. पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ हे पॅकेज टाका, पल्सऑडिओ -के ने तो बंद करा (आपोआप पुन्हा उठतो), आणि हेडफोन पुन्हा जोडा. कोणी ग्नोमवर असेल तर तिथे पाइपवायर आहे, त्याला लिबस्पा-०.२-ब्लूटूथ लागतं. दोन्हींची सरमिसळ करू नका. आधी पीएसीटीएल इन्फो चालवून सर्व्हरचं नाव बघा.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. ४३१४२ हे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. मोठी फाइल उतरवताना गाणं अडखळलं तर ते फर्मवेअरमुळे नव्हे, दोघांची एकाच पट्ट्यात रेटारेटी चालते म्हणून. ५ गिगाहर्ट्झवर पळायची सोय या कार्डात नाही. लॅनची वायर लावून ऐका, अडखळणं थांबलं तर हेच कारण.

कार्डच बदलायचं मनात असेल तर आधी झाकण उघडून जुनं कार्ड अर्ध्या मिनी पीसीआय एक्सप्रेसचं आहे की एम.२ चं ते बघा. एम.२ असेल तर इंटेलचं एएक्स२०० चालू शकतं. एएक्स२०१ घेऊ नका. नावात एकाचाच फरक, पण ते सीएनव्हीआय प्रकारातलं आहे, त्याचा अर्धा भाग प्रोसेसरच्या बाजूला असावा लागतो, या काळातल्या लॅपटॉपवर ते चालणारच नाही. काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते आणि दुसरं लावलं की मशीन सुरूच होत नाही. पैसे घालण्याआधी तुमच्या मॉडेलची ही भानगड तपासा.

---

पाटीपेन्सिल

सिक्युअर बूटचं पटलं. मग कार्ड बदलण्यापेक्षा यूएसबी डोंगल स्वस्त पडेल ना? माझ्याकडे एक पडलंय, ०बीडीए:८७७१. पण डेबियनवर ते 'आरटीएल: फर्मवेअर फाइल आरटीएल_बीटी/आरटीएल८७६१बीयू_एफडब्ल्यू.बिन नॉट फाउंड' म्हणतं. फर्मवेअर-रिअलटेक टाकलेलं आहे. हेही विंडोजमधूनच काढायचं का?

---

गाठोडं

नाही, हे सोपं आहे. रिअलटेकची फाइल लिनक्स-फर्मवेअरमध्ये आहे. तुमची डेबियन ११ वरून १२ वर चढवलेली आहे का? ११ पर्यंत असली पॅकेजं नॉन-फ्री विभागात होती. जून २०२३ मध्ये १२ आली तेव्हा ती नॉन-फ्री-फर्मवेअर या नव्या विभागात हलवली. सोर्सेस.लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची याची यादी) हा शब्द नसेल तर पॅकेजं टाकणारं एपीटी अडत नाही, फार तर एखादी सूचना दाखवतं, आणि जुनंच पॅकेज तसंच राहतं, आणि त्या जुन्यात ८७६१बीयू ची फाइल नाही.

एपीटी पॉलिसी फर्मवेअर-रिअलटेक चालवा. आवृत्ती २०२१ ने सुरू होत असेल तर हेच झालंय. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट मध्ये बुकवर्मच्या (डेबियन १२ चं टोपणनाव) प्रत्येक ओळीच्या शेवटी मेन, काँट्रिब, नॉन-फ्री यांच्या पुढे नॉन-फ्री-फर्मवेअर जोडा, एपीटी अपडेट करा, पॅकेज पुन्हा टाका, डोंगल काढून परत खोचा.

बाजारात नवं डोंगल घेणाऱ्यांनी एलएसयूएसबीत ०ए१२:०००१ येतंय का बघावं. तो सीएसआर या चिप कंपनीचा क्रमांक आहे, पण स्वस्तातल्या बऱ्याच डोंगलांमध्ये त्या क्रमांकाखाली नकली चिप असते. कर्नल ते ओळखून डीमेसेजमध्ये 'अनब्रँडेड सीएसआर क्लोन डिटेक्टेड' असं लिहितं आणि पळवाटा लावतं, तरी सगळी चालतातच असं नाही. त्यावर फर्मवेअर शोधण्यात वेळ घालवू नका, दुकानदाराला परत करा.

---

पाटीपेन्सिल

आवृत्ती २०२१ चीच निघाली. विभाग जोडल्यावर चालू झालं.